विचित्र नावापासून विरळ नावापर्यंत : ट्रॉम्बे परिसराच्या संदर्भात मराठी बालनामांचा विचार

(१)

मुंबईच्या पूर्व उपनगरांच्या टोकाला, ठाण्याच्या खाडीकाठी वसलेले ट्रॉम्बे म्हणजे स्थानिक मराठी बोलण्यातले तुर्भे. कोळीवाडा हा या वस्तीचा जुना थर होय. १५३४ च्या वसईच्या तहाने हा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला आणि सुमारे दोन शतकांनी मराठ्यांनी तो घेईपर्यंत येथील काही कुटुंबे ख्रिस्ती होऊन त्यांच्या घरी पोर्तुगीज नावे रुळली. १९५४ मध्ये येथे अणुशक्ती संशोधनाचे केंद्र स्थापन झाले. त्याच्या वसाहतीत, म्हणजे अणुशक्तिनगरात, देशाच्या सर्व प्रांतांतील कुटुंबे राहावयास आली. १९७६ मध्ये जनता कॉलनीतील रहिवाशांना हलवून चीता कॅम्प ही वस्ती वसविण्यात आली. शेजारच्या मानखुर्द-गोवंडीत पोटासाठी मुंबईस आलेल्या कुटुंबांची सतत भर पडत राहिली. हे सर्व भाग महानगरपालिकेच्या एकाच एम पूर्व विभागात मोडतात. कोळ्याचे, ख्रिस्त्याचे, बौद्धाचे, मुसलमानाचे आणि शास्त्रज्ञाचे मूल येथे एकाच कार्यालयाच्या दप्तरी नोंदले जाते. नावांच्या इतिहासाचा विचार करण्यास याहून सोयीचे ठिकाण क्वचितच आढळेल.

या इतिहासातील एक प्रश्न प्रस्तुत निबंधात विचारास घेतला आहे. चारचौघांहून वेगळे नाव मुलास ठेवण्याची आवड ही आधुनिक काळाची खूण समजली जाते. जुन्या काळी सर्वजण रामा-गोविंदा अशी ठरावीक नावे ठेवीत आणि आता प्रत्येकास नवे नाव हवे असते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. ज्या समाजात दगडू, केरू, उकिरडा, भिकू अशी नावे घरोघरी होती, त्या समाजास विलक्षण नावांचे वावडे होते असे म्हणता येत नाही.

येथे दोन गोष्टींत भेद करणे अवश्य आहे. काही नावे अर्थाने विचित्र असतात, तर काही संख्येने विरळ असतात. ‘दगडू’ हे नाव अर्थाने विचित्र आहे. परंतु ते विरळ मुळीच नव्हते. उलट ‘सचिन’ हे नाव अर्थाने कोणास खटकणारे नाही. पण मराठी घरांत ते प्रथम आले तेव्हा विरळ होते. गेल्या दीड शतकात मराठी नामकरणाचा ओघ विचित्र नावाकडून विरळ नावाकडे वळला. हे वळण का पडले आणि त्याचे मोल कोणास द्यावे लागले, हे पाहावयाचे आहे.

(२)

नामकरणाचे शास्त्र या देशात फार जुने आहे. पारस्कर गृह्यसूत्राने मुलाच्या नावाची घडण जवळजवळ ध्वनिशास्त्राच्या भाषेत सांगितली आहे. नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे, त्याचा प्रारंभ घोष वर्णाने व्हावा, मध्ये अंतःस्थ वर्ण असावा. मुलीचे नाव मात्र विषम अक्षरांचे व आकारान्त असावे, असा तो विधी आहे. आजही मुलीच्या नावाचा शेवट दीर्घ स्वराने व्हावा असे मराठी कानास वाटते. हा संस्कार किती खोल रुजला आहे, हे यावरून लक्षात येते.

मनुस्मृतीने यात समाजाची उतरंड आणली. ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे जुगुप्सा उत्पन्न करणारे असावे, असा नियम तिच्या दुसऱ्या अध्यायात आहे. या नियमाने अर्थाचे वैचित्र्य हे हीनतेचे चिन्ह ठरविले. शास्त्राचा प्रत्येक नियम व्यवहारात तसाच उतरला असेल, असे अर्थातच नाही. चौदाव्या शतकातील मंगळवेढ्याच्या संत चोखामेळ्याचे कुटुंब याची साक्ष देते. ‘चोखा’ म्हणजे शुद्ध, निर्भेळ. त्याच्या बहिणीचे नाव निर्मळा आणि पत्नीचे सोयरा. ज्या जातीची सावलीही विटाळ मानली गेली, तिच्यातील एका घरी भावाबहिणींची नावे शुद्धतेची होती. त्याच परंपरेत शिंपी घराण्यातील नामदेवांचे वडील दामाशेटी आणि आई गोणाई. मुलगे नारा, म्हादा, गोंदा व विठा. ही चारही नावे नारायण, महादेव, गोविंद व विठ्ठल यांची घरगुती रूपे होत. देवाचे नाव प्रत्येक घरात होते. ते कोणत्या रूपात उच्चारावयाचे, येथे फरक पडत होता. या रूपभेदाकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

(३)

अर्थाने विचित्र नावांचा मोठा वर्ग मृत्यूच्या भयातून जन्मास आला. ज्या घरी मुले जगत नसत, तेथे नव्या अपत्यास मौल्यवान नाव देणे धोक्याचे वाटे. जे किमती आहे ते दैव उचलते. जे टाकाऊ आहे त्याकडे त्याचे लक्ष जात नाही, अशी ही धारणा होती. म्हणून मूल केरावर ठेवून पुन्हा उचलावयाचे आणि त्यास केरू, केरबा अथवा कचरू म्हणावयाचे. भीक मागून आणले असे दाखवून भिकू किंवा भिकाजी म्हणावयाचे. मुलग्याचे नाक टोचून त्यास मुलीचे रूप द्यावयाचे आणि नथू हे नाव ठेवावयाचे. पिरास नवस केला असेल तर फकिरा हे नाव येई. घाटकोपरच्या चिरागनगरात राहिलेल्या अण्णा भाऊ साठे यांच्या १९५९ मधील कादंबरीमुळे तेच नाव पराक्रमाचे प्रतीक बनले. दगडू व धोंडू यांत दगडासारखे टिकून राहण्याची इच्छाही मिसळली आहे. शिवाय अधिक मासास धोंड्याचा महिना म्हणत असल्याने त्या महिन्यात जन्मलेल्या मुलासही धोंडू म्हणण्याची चाल होती.

ही कल्पना केवळ महाराष्ट्राची नव्हे. जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने १५८९ मध्ये झालेल्या मुलास ‘सुते’, म्हणजे टाकलेला, असे बाळनाव दिले होते. ते मूल दगावल्यावर १५९३ मध्ये झालेल्या दुसऱ्या मुलास ‘हिरोई’, म्हणजे सापडलेला, असे म्हटले. आपला केरू आणि हिदेयोशीचा सुते एकाच युक्तीची अपत्ये आहेत. जेथे बालमृत्यू नित्याचा होता, तेथे ही युक्ती एकमेकांची माहिती नसतानाही निर्माण झालेली दिसते.

विचित्र वाटणाऱ्या नावांचा दुसरा वर्ग जन्मवारावरून पडलेल्या नावांचा. सोमा, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या ही नावे ठाणे-कुलाबा पट्ट्यातील आदिवासी, आगरी व कोळी समाजांत रूढ होती. वारली चित्रकलेस जगासमोर आणणारे जिव्या सोमा म्हसे यांच्या वडिलांचे नाव याच वर्गातील आहे. येथे ख्रिस्ती नावांशी एक मनोरंजक साम्य आढळते. साष्टी-वसईच्या ख्रिस्ती घरांतील दुमिंग हे पोर्तुगीज दोमिंगोसचे मराठी तोंडी बसलेले रूप असून त्याचा मूळ संबंध रविवाराशी आहे. पास्कू हा पास्क्वालचा अपभ्रंश ईस्टरच्या सणाकडे निर्देश करतो. पेद्रू, बस्त्याव, इनास ही पेद्रो, सेबास्तियाव, इनासियो या नावांची रूपे होत. मराठी ध्वनिव्यवस्थेने त्यांचे परकेपण इतके घासून काढले की, १८८७ मध्ये या समाजाने ईस्ट इंडियन हे इंग्रजी नाव स्वीकारले तेव्हाही घरातली हाक मराठी वळणाचीच राहिली. वाराचे नाव धारण करणारा बुध्या आणि रविवारचा दुमिंग एकाच किनाऱ्यावर नांदत होते. दोघांचीही नावे मुंबईच्या शिकलेल्या माणसास विचित्र वाटत. त्यांच्या स्वतःच्या गावी मात्र ती नित्याचीच होती.

या नावांचा एक करुण पट ट्रॉम्ब्याहून खाडीपलीकडे उरण तालुक्यात आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेर येथील जंगल सत्याग्रहात पोलिसांच्या गोळीबाराने जे सत्याग्रही बळी पडले, त्यांत धाकू गवत्या फोफेरकर, नवश्या महादेव कातकरी, नाग्या महादू कातकरी, रामा बामा कोळी, आलू बेमट्या म्हात्रे ही नावे आहेत. हसुराम या हुतात्म्याच्या वडिलांचे नाव बुध्या होते. बुध्याचा मुलगा हसुराम होतो, म्हणजे वाराच्या जागी रामाचे नाव येते. महादेवाचा मुलगा मात्र नवश्या, म्हणजे नवसाने झालेला. एकाच यादीत एका घरी जुनी रीत सुटत आहे, तर दुसऱ्या घरी ती कायम आहे. हुतात्म्यांच्या यादीत ही नावे तशीच, ‘या’ प्रत्ययासह, लिहिली गेली, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. एरवी ज्या रूपाने माणसास कमी लेखले जाई, ते रूप तेथे आदराने उच्चारले जाते.

(४)

या ‘या’ प्रत्ययात मराठी नामेतिहासाची एक किल्ली आहे. धोंडा हा शब्द घेतला तर त्यापासून धोंडोपंत, धोंडीराव, धोंडीबा, धोंडू आणि धोंड्या अशी रूपे सिद्ध होतात. १८५७ च्या उठावातील नानासाहेब पेशव्यांचे नाव धोंडोपंत होते. स्त्रीशिक्षणाचे अध्वर्यू महर्षी कर्वे (१८५८–१९६२) यांचे नाव धोंडो केशव. त्याच काळी गावकुसाबाहेरच्या माणसाचे नाव धोंड्या असे. दगड तोच, पण ‘पंत’ लागला की तो पाटावर बसे आणि ‘या’ लागला की उंबऱ्याबाहेर उभा राही. यावरून असे म्हणता येते की, जुन्या व्यवस्थेत नावाचे मूळ दैवासाठी होते आणि प्रत्यय समाजासाठी होता. माणसाची पायरी प्रत्ययाने सांगितली जात असल्यामुळे मूळ नाव वेगळे असण्याची निकड कोणासच नव्हती. नातवास आजोबांचे नाव ठेवण्याची चाल यामुळेच निर्वेध चालू शकली. दोन-तीन डझन नावांत एखादे गाव शतकभर भागवू शके.

ही व्यवस्था मोडण्यास शाळेची नोंदवही, गिरणीचा हजेरीपट आणि पुढे मतदारयादी यांनी मोठा हातभार लावला असावा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या नोंदवहीत ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे नाव नोंदले गेले. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी ही त्रिपदी चौकट होय. या चौकटीत पंत, शेठ, या यांना स्वतंत्र रकाना नाही. अर्थात प्रत्यय एकदम गेले नाहीत. भिवाचा भीमराव झाला, तो ‘राव’ घेऊनच. तथापि पुढील पिढ्यांत असे नाव पसंत पडू लागले, की ज्यास कोणताच प्रत्यय न लावता ते पूर्ण वाटावे. अशोक, विजय, अनिल, सुधीर, अविनाश ही नावे अशा घडणीची आहेत. अनिलराव असे म्हणता येते आणि ग्रामीण राजकारणात ते म्हटलेही जाते. पण त्यावाचून नाव अपुरे वाटत नाही. स्त्रीनामांतील ‘बाई’चेही असेच झाले. विमलाबाईंच्या नातीच्या काळी ‘विमल’ एवढेच पुरले.

‘या’ प्रत्यय मात्र नाहीसा झाला नाही. त्याने कार्य बदलले. अनिलचा अन्या, अविनाशचा अव्या, सुधीरचा सुध्या हे आता सर्व जातींच्या मुलांत, मित्रामित्रांत चालते. पूर्वी वरून खाली फेकला जाणारा प्रत्यय सलगीचा झाला. भाषेत एखादे चिन्ह मरण्यापेक्षा त्याचे नाते बदलणे अधिक संभवनीय असते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

या घडामोडीचा दुसरा परिणाम प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. प्रत्ययाने जे वेगळेपण सांगितले जाई ते सांगण्याचे काम आता मूळ नावावर येऊन पडले. घराची शिकवण, अभिरुची, नवेपणा हे सर्व नावाच्या दोन-तीन अक्षरांतूनच दिसावयाचे, तर ती अक्षरे इतरांहून निराळी असणे प्राप्त झाले. विरळ नावाची ओढ केवळ हौसेतून नव्हे, तर प्रत्ययांच्या ऱ्हासातून बळावली, असे अनुमान यावरून काढता येते.

जुन्या व्यवस्थेचे ओझे किती दिवस टिकले, हे दया पवार (१९३५–१९९६) यांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनावरून समजते. त्यांचे मूळ नाव दगडू मारुती पवार. पुस्तकात दगडू आपली कहाणी दया पवार यांस सांगतो. एकाच माणसाची ही दोन नावे दोन माणसांसारखी समोरासमोर बसतात. कर्व्यांच्या बाबतीत धोंडो या नावाने काही अडले नाही; दगडू या नावाने मात्र शहरात, शाळेत, कचेरीत जातीची चाहूल लागे. नाव विचित्र असल्याने बोचत नसते. त्या वैचित्र्याची किंमत कोणाकडून वसूल होते, यावर ते अवलंबून असते.

(५)

स्त्रियांच्या नावांचा इतिहास वेगळा मांडावा लागतो. कारण तेथे नाव विचित्र की विरळ या प्रश्नाआधी ते टिकणार की नाही हा प्रश्न होता. डॉ. आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) यांचे माहेरचे नाव यमुना. रमाबाई रानडे (१८६२–१९२४) यांचेही माहेरचे नाव यमुनाच. महर्षी कर्वे यांच्या द्वितीय पत्नी आनंदीबाई या माहेरच्या गोदूबाई. एकोणिसाव्या शतकातील विलक्षण आयुष्य जगलेल्या या स्त्रिया नद्यांची सर्वसामान्य नावे घेऊन जन्मास आल्या आणि लग्नात ती नावेही गेली. जे नाव दहा-बारा वर्षांनी पुसले जावयाचे, ते शोधून ठेवण्याची तसदी कोणी का घ्यावी? मुलींची विरळ नावे मोठ्या प्रमाणावर रुजली ती लग्नाचे वय वाढल्यावर, शाळा-महाविद्यालयांच्या प्रमाणपत्रांवर मुलीचे नाव छापले जाऊ लागल्यावर आणि ते बदलणे गैरसोयीचे ठरू लागल्यावर. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ व १८८२ मध्ये ‘सौभद्र’ रंगभूमीवर आले. संस्कृत नायिका सर्वांच्या परिचयाच्या झाल्या आणि पुढील पिढ्यांत शकुंतला, मालती, सुलोचना, उषा ही नावे यमुना-गोदा-भागीरथींच्या शेजारी येऊन बसली.

मुलग्यांच्या नावांत नवा प्रवाह मुख्यतः बंगालकडून आला. १९१३ मध्ये रवींद्रनाथांना नोबेल पारितोषिक मिळाले, अरविंद घोष बडोद्यास राहून गेले होते, शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या मामा वरेरकरांनी मराठीत आणल्या. रवींद्र, अरविंद, शरद ही नावे मराठी मध्यमवर्गात पसरण्यास हे वातावरण अनुकूल होते. या प्रवाहातील शेवटचे आणि सर्वांत बोलके नाव सचिन हे होय. शचीन्द्र हे संस्कृत नाव बंगालीत ‘शचीन’ असे आखूड झाले. मराठीत येताना त्याचा शकार गेला, दीर्घ ईकार ऱ्हस्व झाला आणि ‘सचिन’ हे रूप सिद्ध झाले. १९६० च्या दशकारंभी सचिन पिळगांवकर हा बालनट पडद्यावर आला, तेव्हा मराठी कानास हे नाव नवे होते. १९७३ मध्ये कवी व प्राध्यापक रमेश तेंडुलकर यांच्या घरी जन्मलेल्या मुलास संगीतकार सचिनदेव बर्मन यांच्यावरून तेच नाव देण्यात आले. पुढे त्या मुलाची कीर्ती सर्वत्र पसरली. नामसंग्रहांनी या शब्दास नवनवे अर्थ जोडले आणि तो बंगालातून आला याचे स्मरण उरले नाही. विरळ नावाच्या जीवनक्रमाची सर्व अवस्थांतरे यात दिसतात : परकेपण, अभिजनांची निवड, कीर्ती, सार्वत्रिकता आणि अखेरीस एका विशिष्ट पिढीची खूण. आज सचिन हे नाव ऐकताच मनुष्य साधारण कोणत्या वयाचा असेल याचा अंदाज बांधता येतो. नव्या बाळास ते फारसे कोणी ठेवीत नाही.

(६)

बंगालच्या प्रवाहाहून निराळा आणि सामाजिक दृष्ट्या अधिक खोल असा प्रवाह १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूर येथील धर्मांतरानंतर वाहू लागला. ट्रॉम्बे-मानखुर्द-घाटकोपर पट्ट्यातील वस्त्यांत त्याचे परिणाम सहज दिसतात. सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, मिलिंद, यशोधरा, प्रज्ञा, करुणा, संघमित्रा ही नावे ज्या घरांत आली, त्यांच्या मागच्या पिढीत धोंड्या, कचरू, दगडू ही नावे होती. डॉ. आंबेडकरांनी या नावांची पूर्वतयारी धर्मांतराच्या कितीतरी आधी केली होती, असे म्हणावेसे वाटते. त्यांच्या शिक्षणसंस्थेच्या मुंबईतील महाविद्यालयास सिद्धार्थ (१९४६) आणि तेव्हाच्या औरंगाबादेतील महाविद्यालयास मिलिंद हे नाव मिळाले. संस्थांच्या दारावर वाचलेली नावे नंतर पाळण्यापर्यंत पोहोचली.

‘मिलिंद’ या नावाचा प्रवास भाषाभ्यासकास विशेष रम्य वाटेल. मूळ ग्रीक राजा मेनान्द्रोस. पालीत तो मिलिन्द झाला आणि भिक्षू नागसेनास प्रश्न विचारणारा जिज्ञासू म्हणून बौद्ध परंपरेत अमर झाला. संस्कृतात मिलिंद म्हणजे भ्रमर. एका घरी राजाचे नाव म्हणून आणि दुसऱ्या घरी काव्यातील भुंगा म्हणून हा एकच शब्द मुलास दिला गेला. हजेरी घेणाऱ्या शिक्षकास दोन मिलिंदांत भेद करता येत नव्हता, यातच या नावाचे सामर्थ्य होते. जुगुप्सित नावाचा मनूचा नियम येथे वाद घालून मोडला गेला नाही. तो बारशाच्या दिवशी मोडला गेला. राहुल व सिद्धार्थ ही नावे पुढे सर्व जातिधर्मांच्या घरांत गेली. ज्यांना एकेकाळी नाव निवडण्याचा अधिकारच नव्हता, त्यांनी निवडलेली नावे इतरांनीही घेतली, ही घटना लहान नव्हे.

ख्रिस्ती समाजातील बदल काहीसा उशिरा, पण त्याच दिशेने झाला. १९१७ च्या चर्चसंहितेनुसार धर्मगुरूने बाप्तिस्म्यात ख्रिस्ती नाव द्यावयाचे होते; आईबापांनी दुसरे नाव धरून ठेवल्यास त्यास एखाद्या संताचे नाव जोडावयाचे होते. १९८३ च्या संहितेने ही अट सैल करून, नाव ख्रिस्ती भावनेस विसंगत नसावे एवढीच अपेक्षा ठेवली. परिणामी भारतीय नाव एकटेच बाप्तिस्म्याच्या नोंदीत येण्यास वाट मोकळी झाली.

(७)

ट्रॉम्ब्यात काही बारशी माणसांची नव्हती. येथील पहिली अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली. पाण्याखालील तिच्या निळसर प्रकाशावरून पंडित नेहरूंनी तिचे नाव अप्सरा ठेवले. १९६० मध्ये सायरस आणि १९६१ मध्ये झर्लिना आली. ही दोन्ही लांब इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांतून जुळविलेली संक्षेपनामे होती. १९७२ ची पूर्णिमा हे तर संक्षेपनामही आहे आणि अर्थपूर्ण संस्कृत शब्दही. १९८५ ची भट्टी आधी आर-५ या खुणेने ओळखली जाई. नंतर तिला ध्रुव हे नाव मिळाले. यंत्राच्या आणि बाळाच्या नामकरणात कार्यकारणसंबंध जोडण्याचे प्रयोजन नाही. परंतु पद्धतीचे साम्य लक्षणीय आहे. संस्कृत कोशातून आखूड, प्रत्ययहीन शब्द निवडणे आणि अक्षरे जुळवून नवा शब्द घडविणे, या ज्या दोन रीती येथे दिसतात, त्याच आजच्या बालनामांच्या मुख्य रीती होत. एकीकडे अद्वैत, अर्णव, ध्रुव, आर्या, ईशान. दुसरीकडे आईबापांच्या नावांतील अक्षरे जोडून केलेली किंवा रियांश, कियान यांसारखी कोशात न सापडणारी नावे.

या शोधास ज्योतिषाचीही नकळत मदत झाली आहे. अवकहडा चक्रानुसार प्रत्येक नक्षत्राच्या चार चरणांस चार अक्षरे नेमलेली असतात. त्यांत आर्द्रेस घ, ङ, छ आणि उत्तराभाद्रपदेस थ, झ, ञ यांसारखी अडचणीची अक्षरे येतात. पूर्वी या अक्षरावरून ठेवलेले जन्मनाव पत्रिकेपुरते असे. व्यवहारात दुसरेच नाव चाले. दोन्ही नावे एकच असावीत असा आग्रह जेथे धरला जातो, तेथे झ किंवा थ या अक्षराने प्रारंभ होणारे सुरेख नाव शोधण्याची पाळी येते आणि विरळ शब्दावाचून मार्ग राहत नाही. जुन्या शास्त्राचा आधार घेऊन नवी हौस पुरी होते, असा हा प्रकार आहे.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली लीबरसन यांनी ‘अ मॅटर ऑफ टेस्ट’ (२०००) या ग्रंथात असे दाखविले आहे की, नावांची जाहिरात कोणताही कारखानदार करीत नाही. तरीही त्यांत कपड्यांप्रमाणे फॅशन बदलते. म्हणून अभिरुचीचे अंतर्गत नियम अभ्यासण्यास नावे हे उत्तम साधन होय. मराठी नावांपुरते पाहता या विचारास एक पुरवणी जोडावी लागते. येथे अभिरुची पोकळीत बदलली नाही. बालमृत्यू घटले म्हणून केरू अनावश्यक झाला, प्रत्यय गळाले म्हणून मूळ नाव चमकणे आवश्यक झाले, धर्मांतर झाले म्हणून सिद्धार्थ आला. फॅशनचा नियम त्यानंतर लागू झाला. आणि तो लागू झाल्यावर त्याचा विरोधाभासही आला : वेगळेपणासाठी अनेकजण एकाच वेळी एकाच दिशेने धावले की ते वेगळेपण वर्गातल्या तीन-चार अर्णवांत वाटले जाते. एकेक नाव वेगळे असले, तरी सर्वांची घडण एकसारखी होते.

(८)

एवढ्यावरून जुनी विचित्र नावे इतिहासजमा झाली, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा येथे २८५ मुलींना नवी नावे देण्याचा समारंभ झाला. या सर्वांचे नाव नकुशा अथवा नकुसा, म्हणजे नको असलेली, असे होते. केरू आणि नकुशा ही वरवर पाहता एकाच जातीची नावे वाटतात. परंतु त्यांच्यात मोठे अंतर आहे. केरू हे नाव खोटे होते. मूल हवे होते, म्हणूनच ते टाकाऊ असल्याचे सोंग आणले जाई. नकुशा हे नाव खरे होते. पुढचा तरी मुलगा व्हावा एवढेच ते सांगत होते. पहिल्यात दैवास फसविण्याची माया होती, दुसऱ्यात मुलीस आयुष्यभर ऐकावयास लावलेला निवाडा होता. सातारच्या मुलींनी त्या दिवशी निवडलेली नावे बहुतांशी इतरांसारखीच, प्रचारातली होती असे समजल्यास नवल वाटू नये. ज्याच्या नावाने त्यास वेगळे काढले आहे, त्यास सर्वसाधारण नाव हाच मोठा लाभ असतो.

नावाची चौकटही बदलत आहे. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याने नावावाचून जन्म नोंदवून नाव मागाहून भरण्याची सोय ठेवली. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र शासनाने मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम ठरविला आहे. साताऱ्याच्या १९०० च्या नोंदवहीतील त्रिपदी चौकटीत आईस स्थान नव्हते; आता ते आले. जिचे स्वतःचे नाव एकेकाळी लग्नात पुसले जाई, तिचे नाव मुलाच्या नावास लागून लिहिले जाईल.

सारांश, मराठी नावांच्या इतिहासात वेगळेपणाची गरज नवी नाही. तिचा रोख मात्र उलटा झाला. एकेकाळी मुलाकडे दैवाचे लक्ष जाऊ नये म्हणून नाव विचित्र ठेवीत; आता जगाचे लक्ष जावे म्हणून ते विरळ ठेवतात. या दोहोंच्या मध्ये एक पिढी अशी होऊन गेली, की जिला नाव विचित्रही नको होते आणि विरळही नको होते. चारचौघांत खटकणार नाही असे हवे होते. दगडूचा दया झाला तो या पिढीत. नावांच्या याद्या करताना कोणते नाव किती पसरले हे मोजणे अवश्य आहे. परंतु ते नाव ज्याने ठेवले आणि ज्याने वागविले, त्या दोघांपैकी निवड कोणाची होती, हा प्रश्न प्रत्येक नोंदीपाशी विचारला गेला पाहिजे. ट्रॉम्ब्याच्या जन्मनोंदवहीत सर्व थरांची मुले एकाखाली एक लिहिली जातात. त्या रकान्यात कोणाच्याच नावापुढे पंत नाही आणि कोणाच्याच नावामागे ‘या’ नाही. तेथवर पोहोचण्यास दीड शतक लागले आहे.